प्रजा, मालक आणि सावकार : झांजिबारमधील भारतीय व्यापारी व गुलामगिरीबंदीचा कायदा

पश्चिम भारतातून पूर्व आफ्रिकेत गेलेल्या व्यापाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा कर्तबगारीची कथा म्हणून सांगितला जातो. मांडवी किंवा मुंद्रा बंदरातून गलबतावर चढलेला तरुण झांजिबारला पोचतो, नातलगाच्या पेढीवर उमेदवारी करतो, पुढे स्वतःची पेढी काढतो आणि उतारवयात गावी धर्मशाळा बांधतो, असे तिचे स्थूल रूप असते. मी वडोदऱ्यात मराठी साहित्य शिकवते. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी अशा कथा आजही सांगितल्या जातात. त्या खोट्या नाहीत. पण ज्या काळात या पेढ्या भरभराटीला आल्या त्या काळात झांजिबार हा हिंदी महासागरातील गुलामांचा सर्वांत मोठा बाजार होता, ही गोष्ट त्या कथांतून गळलेली असते. ब्रिटिशांनी या व्यापाऱ्यांना गुलामगिरीपासून तोडण्याचे जे प्रयत्न केले, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात तीन शब्दांच्या आधारे केला आहे : प्रजा, मालक आणि सावकार.

पार्श्वभूमी

ओमानच्या सय्यद सईदने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली गादी मस्कतहून झांजिबारला आणली. बेटावर लवंगेच्या बागा वाढल्या आणि त्यांना मजूर हवे होते. ते मुख्य भूमीवरून, विशेषतः किल्वा बंदरातून, पकडून आणले जात. काही बागांवर राहत, काही पुढे अरबस्तान व इराणी आखाताकडे जात. १८६० च्या दशकात वर्षाला सुमारे वीस हजार माणसे झांजिबारच्या बाजारात येत असावीत, असा समकालीन इंग्रज अधिकाऱ्यांचा अंदाज होता.

या व्यवहारात भारतीय कुठे होते? गुलाम पकडायला आत जाणाऱ्या तांड्यांत ते क्वचितच दिसतात. त्यांची जागा किनाऱ्यावर, पेढीत होती. तांडा आत जाण्यासाठी कापड, मणी आणि पितळी तार लागे. कच्छमध्ये निळीने रंगवलेले 'कनिकी' कापड त्यात मोठ्या प्रमाणावर असे. हा माल भारतीय व्यापारी उधारीवर देत. तांडा परतला की हस्तिदंत आणि माणसे यांच्या विक्रीतून उधारी फिटे. दुसरी जागा जकातीची. १८३० च्या दशकापासून झांजिबारच्या जकातीचा मक्ता मुंद्र्याच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक गुलामामागे जकात होती आणि ती हस्तिदंत व लवंग यांच्या जकातीबरोबर याच मक्त्यात वसूल होई. तिसरी जागा गहाणवटीची. अरब बागायतदार कर्जासाठी बाग गहाण टाकत, तेव्हा बागेच्या किमतीत तिथले गुलामही धरलेले असत. याखेरीज अनेक भारतीयांकडे घरकामाला, माल वाहायला आणि बागेवर राबायला स्वतःचे गुलाम होते.

पहिला शब्द : प्रजा

१८३३ च्या ज्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवली, त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. १८४३ मध्ये दोन कायदे झाले. कंपनी सरकारच्या पाचव्या कायद्याने भारतातील न्यायालयांनी गुलामावरचा हक्क मानू नये असे ठरले, आणि ब्रिटिश संसदेच्या कायद्याने परदेशी राहणाऱ्या ब्रिटिश प्रजेलाही गुलामांची खरेदी-विक्री वर्ज्य झाली. कागदावर हे स्पष्ट होते. परंतु कच्छ हे संस्थान होते. १८१९ च्या तहाने ते ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आले असले, तरी तिथला रहिवासी रावांची प्रजा होता. झांजिबारमधले बहुसंख्य भारतीय व्यापारी कच्छीच होते. मग हा कायदा त्यांना लागू होतो का?

१८५८ मध्ये झांजिबारला कॉन्सुल म्हणून आलेला क्रिस्टोफर रिग्बी हा मुंबईच्या सैन्यातला अधिकारी आणि भारतीय भाषांचा जाणकार होता. त्याने प्रश्नाचे उत्तर सरळ दिले : सगळे भारतीय ब्रिटिश संरक्षणाखाली आहेत, सबब कोणालाही गुलाम बाळगता येणार नाही. १८६० पासून त्याने भारतीयांच्या ताब्यातील गुलामांना कॉन्सुलच्या शिक्क्याची मुक्तिपत्रे द्यायला सुरुवात केली. हजारो माणसे अशा रीतीने सुटली. एका कचेरीच्या बळावर झालेले हे काम लहान नव्हते.

रिग्बी १८६१ मध्ये परतला आणि धोरण सैल झाले. कच्छी व्यापाऱ्यांना ब्रिटिश संरक्षणाखाली नाव नोंदवण्याची किंवा न नोंदवता सुलतानाच्या अमलाखाली राहण्याची सवड मिळाली. त्याचा परिणाम उघड होता. कर्जवसुलीच्या दाव्यात कॉन्सुलकडे जाणारा माणूस गुलामांचा विषय निघाला की सुलतानाची प्रजा होऊ लागला. हे मिटवण्यासाठी शेवटी भुजच्या दरबाराकडे जावे लागले. राव प्रागमलजी दुसरे यांनी आपल्या परदेशस्थ प्रजेला उद्देशून जाहीरनामे काढले आणि गुलामांच्या व्यवहारात पडणाऱ्याला शिक्षेची ताकीद दिली. १८७६ मध्ये ब्रिटिश संसदेने संस्थानी प्रजेलाही या गुन्ह्यांच्या कायद्याखाली आणले. दूर देशी गेलेल्या कच्छी माणसाची ओळख ठरवणारा हा कायदा गुलामगिरीच्या निमित्ताने झाला, आणि त्याच वेळी झांजिबारमधील ब्रिटिश सत्तेचा हातही त्यामुळे लांब झाला. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

दुसरा शब्द : मालक

१८७३ च्या जानेवारीत सर बार्टल फ्रिअर झांजिबारला आले. १८६२ ते १८६७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते, त्यामुळे या पेढ्यांची मुंबईकडची टोके त्यांना माहीत होती. किनाऱ्यावरचा जवळपास सारा व्यापार भारतीयांच्या हातून जातो, हे त्यांनी आपल्या अहवालात नोंदवले. सुलतान बर्घशने तहाला नकार दिला. आदल्याच वर्षीच्या वादळाने लवंगेच्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या आणि मजूर तोडून घेणे त्याला परवडणारे नव्हते. शेवटी नाकेबंदीच्या धमकीखाली, कॉन्सुल जॉन कर्क याच्या मध्यस्थीने, ५ जून १८७३ रोजी तह झाला. समुद्रमार्गे गुलामांची ने-आण बंद झाली आणि त्यांचे जाहीर बाजार मिटले.

या तहाचे चौथे कलम भारतीयांविषयी आहे. ब्रिटिश संरक्षणाखालील भारतीय संस्थानांच्या लोकांनी यापुढे नवे गुलाम मिळवू नयेत, असे त्यात म्हटले आहे. असलेले गुलाम मात्र पुढे ठरवल्या जाणाऱ्या तारखेनंतर बाळगता येणार नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाने या वाक्याच्या बांधणीकडे पाहावे असे मला वाटते. मनाई आज लागू होते आणि मुक्ती उद्यावर ढकलली जाते. वाक्यात व्यापारी आहे, राणी आहे, तारखेसाठी मोकळी जागाही आहे. जिच्या सुटकेची तारीख ठरायची आहे ती व्यक्ती केवळ कर्म म्हणून येते.

तिसरा शब्द : सावकार

'मालक' या शब्दावर कायद्याने बोट ठेवले, म्हणून सावध व्यापाऱ्याने मालकी टाळली. बाग गहाण असेल तर ती जप्त करून स्वतः गुलामांचा धनी होण्यापेक्षा अरब मालकाचे नाव तसेच राहू देणे आणि पीक कर्जापोटी उचलणे सोयीचे होते. तांड्याला दिलेली उधारीही कापडाची उधारी म्हणूनच वहीत येई. ते कापड पुढे कशाच्या बदल्यात गेले, हे खात्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. अशा भांडवलावर कायद्याने हात टाकावा, अशी इंग्रज अधिकाऱ्यांचीही मनापासून इच्छा होती असे दिसत नाही. याच उधारीवर मुंबईचा, आणि मुंबईमार्गे इंग्लंडचा, हस्तिदंताचा व कापडाचा व्यापार चाले.

१८९० मध्ये झांजिबार ब्रिटिश संरक्षित राज्य झाले आणि १८९७ मध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. तेव्हाही सुटका हवी असलेल्याने स्वतः न्यायालयात अर्ज करायचा होता. भरपाईची तरतूद मालकासाठी होती, सुटणाऱ्यासाठी नव्हती.

सुटलेल्यांचे काय?

या प्रकरणाचा एक धागा आपल्या मुलखात येतो. ब्रिटिश आरमाराने समुद्रावर पकडलेल्या गलबतांतील अनेक मुले मुंबईत उतरवली जात. त्यांपैकी काहींना नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आफ्रिकी आश्रमात ठेवले होते. तिथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकवले जाई. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या शेवटच्या प्रवासासाठी इथूनच काही तरुण नेले. पुढे त्यांच्या शोधात व मदतीला गेलेल्यांतही नाशिकचे तरुण होते. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीला हजर होता. दुसरा मॅथ्यू वेलिंग्टन. त्याचे मूळ नाव चेंग्विंबे होते. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत वसवली गेली, तिथे नाशिकचे अनेकजण जाऊन राहिले. त्या वसाहतीला फ्रिअर टाउन हे नाव मिळाले.

नाशिकमध्ये शरणपूर रोड आजही आहे. त्या रस्त्याच्या नावात आसरा देणारे आठवतात, आसरा घेणारे नाहीत. चेंग्विंबे हे नाव आपल्यापर्यंत पोचले ते त्याने म्हातारपणी आपली हकिकत सांगितली म्हणून. त्याच्या सोबतच्या बहुतेकांची फक्त मिशनने दिलेली नावे उरली आहेत.

समारोप

वसाहतवादी सरकारचा हेतू शुद्ध होता की स्वार्थी, या वादात या विषयाची चर्चा अनेकदा अडकते. वरील विवेचनावरून दिसते ते असे : रिग्बीच्या मुक्तिपत्राने माणसे खरोखर सुटली. 'प्रजा' या शब्दाची व्याख्या रुंद होताच कायदा अधिक लोकांपर्यंत पोचला. पण 'मालक' या शब्दाची व्याख्या अरुंदच राहिली, म्हणून गुलामाला धरणारा हात सापडला आणि त्या व्यवहाराला पैसा पुरवणारा हात सुटला.

आपल्या भागातल्या जुन्या घरांत पूर्व आफ्रिकेच्या व्यापाराच्या वह्या, पत्रे, गहाणखते अजून असू शकतात. गुजराती, कच्छी आणि मोडी लिपीतले हे कागद वाचू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत. कुटुंबाच्या अब्रूला धक्का लागेल या भीतीने ते दडवून ठेवू नयेत, आणि अभ्यासकांनीही आरोपपत्र लिहिण्यासाठी ते मागू नयेत. कापडाच्या नोंदीशेजारी बागेची नोंद असेल, बागेच्या नोंदीत कदाचित माणसांची संख्या असेल, आणि एखाद्या ठिकाणी नावही असेल. ते नाव वाचले जावे, एवढ्यासाठी तरी हे काम आपल्या भाषांतल्या अभ्यासकांनी हाती घेतले पाहिजे.