शाई डोळ्यांनी पारखू नका

सायनोटाइप म्हणजे पारदर्शक फिल्मवर छापलेली निगेटिव्ह रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात निळी प्रिंट काढायची पद्धत. ती शिकायला येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, ‘निगेटिव्ह छापायला कोणता प्रिंटर घेऊ?’ प्रिंटर नंतर बघू, आधी त्यातली शाई बघा, असं मी सांगतो.

माझ्या टाकीवाल्या प्रिंटरमधली शाई संपली, तेव्हा दुकानदाराने ‘अगदी ओरिजिनलसारखीच’ म्हणत स्वस्तातल्या बाटल्या दिल्या. त्या शाईची निगेटिव्ह खिडकीपाशी धरली तर काळीकुट्ट दिसायची. पण प्रिंट पाण्यात धुतली की पांढऱ्याशुभ्र ढगाच्या जागी फिकट निळा पट्टा उमटायचा. कागद उन्हात कमी वेळ ठेवावा, तर सावल्यांचा गडद निळा धुऊन जायचा. आधीच्या शाईवर हाच ढग स्वच्छ आला होता.

जॉन हर्शेलने 1842 साली शोधलेल्या या प्रक्रियेतले लोहक्षार मुख्यतः अतिनील किरणांनी बदलतात, आणि ते किरण आपल्याला दिसतच नाहीत. डोळ्यांना काळी वाटणारी शाई ते सहज आरपार जाऊ देऊ शकते. पाण्यात विरघळलेल्या रंगाच्या डाय शायांबाबत हे जास्त घडतं. सूक्ष्म कणांच्या पिगमेंट शाया साधारणपणे चांगला अडसर करतात. पिवळा रंग तर दिसायला अगदी फिका, पण बऱ्याचदा काळ्यापेक्षा भक्कम निघतो.

काळ्याची गोम वेगळी. पुष्कळ टाकीवाल्या प्रिंटरांत तीन रंग डायचे आणि काळा तेवढा पिगमेंटचा असतो. सेटिंग ‘प्लेन पेपर’ ठेवलं, तर हा काळा फिल्मवर नुसता बसतो आणि बोट लागताच पुसला जातो. ‘ग्लॉसी फोटो पेपर’ निवडलं, तर प्रिंटर त्याला हातही लावत नाही, तीन रंग मिसळून काळा बनवतो. चित्र तेच, बाटल्या त्याच, निगेटिव्ह मात्र दोन जातींच्या. फोटो प्रिंटरमध्ये मॅट आणि फोटो असे दोन काळे असतील, तर फिल्मसाठी फोटो ब्लॅकच घ्यावा.

पारख घरीच होते. कोऱ्या फिल्मखाली कागद ठेवून पूर्ण गडद निळा यायला कमीत कमी किती वेळ लागतो, ते आधी ठरवा. मग निरनिराळ्या रंगांचे चौकोन फिल्मवर छापून त्याच वेळेने प्रिंट काढा. ज्या चौकोनाखाली कागद सर्वांत पांढरा राहील, त्या रंगात निगेटिव्ह छापा. एकही चौकोन पांढरा निघाला नाही, तर ती शाई या कामाची नाही.

पावसाळ्यात निगेटिव्ह निदान रात्रभर वाळू द्या. सॉल्ट प्रिंट किंवा व्हॅन डाइक या चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या प्रक्रियांत कागदावरच्या सिल्व्हर नायट्रेटवर ओली शाई चिकटली, तर निगेटिव्ह आणि प्रिंट दोन्ही जातात.

शाईची बाटली बदललीत की चौकोनांची चाचणी पुन्हा करा, आणि ती स्वस्त सायनोटाइपवरच उरका. पॅलेडियम प्रिंटच्या रसायनाचा एकेक थेंब महाग पडतो. त्याच्या कागदावर अनोळखी शाई अजमावू नका.