शून्य वर्ष कोणते?

पुराहवामानाच्या, म्हणजे उपकरणांनी नोंदी ठेवल्या जाऊ लागण्यापूर्वीच्या हवामानाच्या, अभ्यासात थराचे वय ‘आजपासून इतक्या वर्षांपूर्वी’ असे दिले जाते. मात्र किरणोत्सारी कार्बनच्या कालमापनाच्या संकेतानुसार हा ‘आज’ 1950 साली येतो, तर ग्रीनलंडच्या हिमगाभ्यांच्या कालक्रमात तो 2000 साली धरलेला असतो. मेघालयातील मॉमलूह गुहेच्या लवणस्तंभावरून 2018 मध्ये मान्य झालेल्या मेघालयन या भूशास्त्रीय कालखंडाचा आरंभ 1950 पूर्वी 4200 वर्षे असाही सांगता येतो आणि 2000 पूर्वी 4250 वर्षे असाही.

हे पन्नास वर्षांचे अंतर प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आरोप होऊन आले. दोन गुहांतील लवणस्तंभांमधल्या ऑक्सिजन समस्थानिकांच्या, म्हणजे कमीअधिक वस्तुमानाच्या ऑक्सिजन अणूंच्या, प्रमाणाचे वक्र ‘आर’ या सांख्यिकी प्रणालीत एकाखाली एक काढले असता कोरड्या काळाच्या खुणा जुळेनात, तेव्हा आकडे पुरवणाऱ्या सहकाऱ्याने स्वतःची फाइल उघडूनही न पाहता भर बैठकीत सारा दोष आलेख काढणाऱ्याच्या माथी मारला. उलगडा फाइलींच्या पहिल्याच ओळीत होता. एकीत सर्वांत वरच्या थराचे वय उणे 52 होते, जे 1950 पासून मोजल्यास 2002 साल ठरते आणि 2000 पासून मोजल्यास 2052, म्हणजे अशक्य. दुसरीत ते उणे 2 होते, आणि 1950 पासून मोजल्यास हा स्तंभ 1952 सालीच वाढायचा थांबला असे मानावे लागले असते, वास्तविक तो वरून पाणी ठिबकत असतानाच काढलेला होता. हे लेखी कळवल्यावर दुरुस्त फाइल जुन्याच नावाने निमूट आली. बैठकीतील विधान मात्र मागे घेतले गेले नाही आणि इतिवृत्तात ते तसेच राहिले.

म्हणून आकडे हाती येताच पहिली व शेवटची ओळ डोळ्यांनी वाचावी आणि शून्य वर्ष अक्षाच्या शीर्षकातच लिहावे. नोंद नसल्याची खूण म्हणून टाकलेला उणे 999 हा आकडा वगळण्याची सूचना दिली, तरी फाइलीत तो उणे 999.00 असा लिहिलेला असल्यास ‘आर’ त्याला ओळखत नाही, कारण ही तुलना अक्षरशः होते. असा एकच आकडा उरला तरी उरलेला वक्र सपाट दिसतो. मोसमी पावसाच्या प्रदेशात समस्थानिकांचे मूल्य जितके अधिक उणे तितका पाऊस सामान्यतः जोरदार मानला जात असल्याने उभा अक्ष उलटा काढण्याची रीत आहे, पण तसे चित्राखाली न लिहिल्यास हेतूविषयी शंका घेणारे भेटतातच. स्तंभाची वाढ खंडित झालेल्या जागी रेषा जोडू नये. काम नीटनेटके ठेवावे, प्रती जपाव्यात. आणि दुरुस्त फाइल जुन्या नावाने आली, तर नवे नाव, तारीख व बदलाचे कारण पाठवणाऱ्याकडून लेखी मिळेपर्यंत तिच्यावरून एकही आलेख काढू नये, मग समोरची व्यक्ती कितीही ज्येष्ठ असो.