व्यापाराच्या वाटाघाटी आणि शेतीचें दप्तर

जगाच्या व्यापाराचे करारमदार जिनिव्हा शहरीं ठरतात आणि आपलें शेत आपल्या गांवीं आहे; मग त्या करारांशीं आपला संबंध काय, असा प्रश्न आपल्या संघाचे कित्येक सभासद विचारीत असतात. संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. भात, गहूं, कापूस किंवा ऊस ह्यांस सरकारनें किती भाव बांधून द्यावा, ह्या गोष्टीस १ जानेवारी १९९५ पासून अंमलांत आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक करारानें मर्यादा घातली आहे. ह्या मर्यादेचा हिशेब कसा करितात, आणि तो आपल्या बाजूनें नीट मांडतां यावा म्हणून आपल्यासारख्या विकसनशील देशास कोणती तयारी ठेवावी लागते, एवढाच विषय ह्या लेखांत घेतला आहे.

१. मूळ दर

ज्यांनीं जमीनमहसुलाचें दप्तर पाहिलें आहे त्यांस हा विषय समजण्यास कठीण जाणार नाहीं. जुन्या पद्धतींत मोजणी व प्रतबंदी होऊन शेताचा आकार एकदां ठरला, म्हणजे तो साधारणपणें तीस वर्षें चाले. मध्यंतरीं विहीर आटो कीं बाजार पडो, आकार तोच. म्हणून शहाणा खातेदार मागाहून अर्ज करीत बसण्यापेक्षां प्रतबंदीच्या वेळींच बांधावर हजर राही.

व्यापाराच्या करारांतही असाच एक मूळ दर आहे. इ. स. १९८६ ते १९८८ ह्या तीन वर्षांतील जगाच्या बाजारची सरासरी किंमत घेऊन ती कायम धरलेली आहे. सरकारनें बांधलेला भाव ह्या मूळ दराहून जितका अधिक, त्या फरकास आधारास पात्र अशा मालाच्या वजनानें गुणावयाचें. येणारी रक्कम म्हणजे सरकारनें त्या पिकास दिलेला आधार. हा आधार त्या पिकाच्या एकंदर किंमतीच्या दहा टक्क्यांच्या आंत असावा, असा विकसनशील देशांस सामान्य नियम आहे. चीन २००१ सालीं संघटनेंत शिरला, तेव्हां घासाघीस होऊन त्याच्या पदरीं साडेआठ टक्के पडले. हे आंकडे आकाशांतून पडलेले नसून माणसांनीं बसून ठरविलेले आहेत, हें यावरून ध्यानांत येईल.

२. एकच शेत, दोन हिशेब

भारतानें तांदुळाचा मूळ दर टनास ३,५२० रुपये असा नोंदविला. त्या काळच्या हुंडणावळीनें ही रक्कम २६२.५१ डॉलर होते. आतां केवळ समजुतीकरितां कल्पिलेलें एक उदाहरण पाटीवर मांडून पाहावें. समजा, सरकारी भाव टनास २५,००० रुपये आहे, डॉलरला ८० रुपये पडतात, एकंदर पीक १०० टन आलें व त्यांपैकीं सरकारनें ४० टन विकत घेतलें.

पहिला हिशेब असा: मूळ दर रुपयांतच, म्हणजे ३,५२० धरला, फरक २१,४८० रुपये. सगळें १०० टन पीक पात्र धरलें. आधार झाला २१,४८,००० रुपये.

दुसरा हिशेब असा: मूळ दर डॉलरांत धरून ८० च्या हुंडणावळीनें सुमारें २१,००० रुपये केला, फरक ४,००० रुपये. सरकारनें प्रत्यक्ष घेतलेले ४० टनच पात्र धरले. आधार झाला १,६०,००० रुपये.

पिकाची एकंदर किंमत २५,००,००० रुपये. पहिल्या हिशेबानें आधार शेंकडा सुमारें ८६ भरतो, दुसऱ्यानें शेंकडा ६.४. शेत तेंच, पीक तेंच, शेतकऱ्याच्या हातीं पडलेला पैसाही तोच. परंतु एका कागदावर देश दोषी ठरतो आणि दुसऱ्यावर निर्दोष.

हा केवळ शाळेंतील गणिताचा प्रकार नव्हे. अमेरिकेनें मे २०१८ मध्यें भारताच्या गहूं व तांदूळ ह्यांविषयीं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कापसाविषयीं, असाच आपला स्वतंत्र हिशेब संघटनेपुढें ठेवला. भारतानें आपला हिशेब डॉलरांत व प्रत्यक्ष खरेदीवर मांडला होता. अमेरिकेनें तो रुपयांत व सगळ्या पिकावर मांडला, आणि कापसाचा आधार शेंकडा पन्नासाहून अधिक दाखविला. वऱ्हाड, खानदेश व मराठवाडा येथील कापूसवाल्यांच्या हमीभावाचें भवितव्य कांहीं अंशीं ह्या दोन रकान्यांच्या वादांत गुंतलेलें आहे.

३. ब्राझीलनें काय केलें

तयारी म्हणजे काय, ह्याचा वस्तुपाठ ब्राझील देशानें घालून दिला आहे. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांस जी मदत देते तिनें जगांत कापसाचा भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलनें सप्टेंबर २००२ मध्यें गुदरली. त्यापूर्वींच, २००१ सालीं, त्याच्या परराष्ट्र खात्यानें अशा तंट्यांकरितां निराळी शाखा काढली होती. शेतकी खात्यांतील पेद्रो द कामार्गो नेतो ह्यांनीं हें प्रकरण हातीं धरलें. वकिलांच्या खर्चाचा भार उचलण्यास कापूस उत्पादकांची राष्ट्रीय संस्था पुढें आली. ही मदत नसती तर भाव काय राहिला असता, हें गणितानें दाखविण्याचें काम कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापक डॅनियल सम्नर ह्यांनीं केलें. म्हणजे अमेरिकेविरुद्धचा पुरावा अमेरिकेंतीलच पंडितानें तयार करून दिला. पंचांनीं २००४ सालीं व अपील मंडळानें मार्च २००५ मध्यें निकाल मुख्यतः ब्राझीलच्या बाजूनें दिला. पुढें बरीच खटपट होऊन ऑक्टोबर २०१४ मध्यें अमेरिकेनें ३० कोटि डॉलर देण्याचें कबूल केलें व तंटा मिटला. बारा वर्षें लागलीं. पण सरकारी खातें, शेतकऱ्यांची संस्था आणि विद्या हीं तिन्ही एका जुवाखालीं आलीं म्हणून गाडा हालला.

४. ज्यांच्यापाशीं दप्तर नव्हतें

त्याच काळीं आफ्रिकेंतील बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली हे चार गरीब देश ह्याच दुखण्यानें गांजलेले होते. जून २००३ मध्यें बुर्किना फासोचे अध्यक्ष ब्लेझ कोंपाओरे स्वतः जिनिव्हास जाऊन बोलले, आणि सप्टेंबरांत मेक्सिकोंतील कानकून येथील परिषदेंत कापसाचा प्रश्न ठळकपणें पुढें आला. त्यांची बाजू न्याय्य होती, व जगाचें लक्षही तिनें वेधलें. परंतु स्वतः वादी होऊन खटला चालविण्याइतकें मनुष्यबळ व द्रव्य त्यांच्यापाशीं नव्हतें. बेनिन व चाड हे ब्राझीलच्या खटल्यांत केवळ त्रयस्थ पक्षकार म्हणून सामील झाले. डिसेंबर २०१५ मध्यें नैरोबी येथें कापसावरील निर्यात अनुदानें बंद करण्याचें ठरलें, हें थोडें यश खरें. पण देशांतर्गत मदतीचा मूळ प्रश्न सुटलेला नाहीं. न्याय्य बाजू निराळी आणि तयार बाजू निराळी.

५. आपली स्थिति

भारत ह्या दोहोंच्या मध्यें उभा आहे. नव्या दिल्लींत १९९९ सालीं ह्या विषयाच्या अभ्यासाकरितां एक केंद्र निघालें; २००१ सालीं जिनिव्हा येथें विकसनशील देशांस अल्प खर्चांत कायद्याचा सल्ला देणारी संस्था स्थापन झाली, तिचा भारत सभासद आहे. डिसेंबर २०१३ मध्यें बाली येथें, सरकारी धान्यसांठ्याच्या योजनेंत मर्यादा ओलांडली गेली तरी इतरांनीं तंटा करूं नये, अशी सवलत मिळाली, आणि तांदुळाच्या २०१८-१९ च्या हिशेबाकरितां भारतानें २०२० सालीं तिचा आश्रय घेतला. परंतु तिच्या अटी लक्षांत घ्याव्या. जो देश आपले आंकडे नियमानें सादर करील त्यासच ती मिळते; आणि ती मुख्य अन्नधान्यापुरतीच असल्यामुळें कापूस व ऊस ह्यांस लागू नाहीं.

उसाचें उदाहरण ताजें आहे. २०१९ सालीं ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला ह्यांनीं भारताविरुद्ध तक्रार केली. उसाचा भाव सरकार देत नसून कारखाने देतात, म्हणून तो सरकारी आधार नव्हे, असें भारताचें म्हणणें होतें. पंचांनीं डिसेंबर २०२१ मध्यें तें अमान्य केलें. भारतानें त्यावर अपील केलें. पण सभासदांच्या अभावीं अपील मंडळाचें काम डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलेलें होतें. कापसांत ज्याचा कित्ता गिरवावा, तोच ब्राझील उसांत आपला वादी झाला, हें सभासदांनीं विसरूं नये.

६. तयारी कशी करावी

पहिली गोष्ट माणसांची. जो कारकून तीन वर्षांनीं बदलून जातो, त्याच्याबरोबर प्रकरणाची आठवणही जाते, हा कोणत्याही कचेरींतील अनुभव आहे. वाटाघाटीचें काम करणारीं माणसें वर्षानुवर्षें त्याच कामावर राहिलीं पाहिजेत, आणि कायदा, अर्थशास्त्र व शेती ह्या तिहींची माहिती असलेले तरुण त्यांच्या हाताखालीं तयार झाले पाहिजेत.

दुसरी गोष्ट आंकड्यांची. देशाचा आंकडा गांवच्या आंकड्यांवरच उभा असतो. महाराष्ट्रांत ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या योजनेनें खातेदारास आपल्या पिकाची नोंद स्वतः करितां येते. ही नोंद दर हंगामीं खरी व वेळेवर करावी. बी, खत, मजुरी व पाणी ह्यांच्या खर्चाची वही ठेवावी, आणि माल विकल्यावर अडत्याकडून हिशेबपट्टी मागून घेऊन ती जपून ठेवावी. खर्च अमुक आला, असें तोंडीं सांगणारास कोणत्याही पंचापुढें मान मिळत नाहीं.

तिसरी गोष्ट संघाची. करार होऊन गेल्यावर मोर्चे काढणें सोपें आहे. करार होण्यापूर्वीं त्याचा मसुदा समजून घेऊन, आपल्या पिकाच्या रकान्यांत काय लिहिलें जात आहे हें विचारणें अवघड आहे, पण उपयोगी तेंच पडतें. प्रत्येक तालुका संघानें निदान दोन लिहितेवाचते सभासद ह्या अभ्यासास नेमावे आणि सभासदांच्या खर्चाच्या वह्यांचा गोषवारा वर्षांतून एकदां काढून तो जिल्हा संघामार्फत शेतकी खात्याकडे व विद्यापीठाकडे पाठवावा. पुढील सभेंत ह्या सूचनेचा विचार व्हावा, अशी विनंती आहे.