शिवणयंत्राचा मृतबिंदू

पायाने चालणारे शिवणयंत्र ज्याने चालविले आहे, त्याला एक अनुभव हमखास आलेला असतो. पाय दाबला तरी चाक हलत नाही, किंवा उलट फिरून दोरा तोडते. म्हणून शिंपी आधी हाताने चाकाला गती देतो. याचे कारण गणिताने समजून घेऊ या.

या यंत्रात चार दुवे आहेत: पायाखालची पट्टी, उभा दांडा, चाकाच्या मध्यापासून दांडा अडकविलेल्या खुंटीपर्यंतचे अंतर आणि स्थिर सांगाडा. त्यांची लांबी अनुक्रमे १२, ३०, ३ व ३१ सेंटिमीटर आहे असे मानू. सर्वांत आखूड व सर्वांत लांब दुव्यांची बेरीज ३४. उरलेल्या दोहोंची ४२. पहिली बेरीज लहान असल्यामुळे, ग्रासहोफच्या नियमानुसार, खुंटी पूर्ण फेरा घेऊ शकते. पट्टी मात्र सुमारे २९ अंशांतच खालीवर होते.

हे चलच्चित्र संगणकावर काढता येते. त्यासाठी सायलॅब ही विनामूल्य गणिती आज्ञावली पुरेशी आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'फॉसी' प्रकल्पाने तिचा प्रसार केला आहे. चाकाचा कोन एकेका अंशाने वाढवावा, दर वेळी सांध्यांची स्थाने काढावीत आणि जुने चित्र पुसून नवे काढावे. एका फेऱ्याची ३६० चित्रे होतात.

सांध्याचे स्थान म्हणजे दोन वर्तुळांचा छेदनबिंदू. असे बिंदू दोन असतात आणि गणिताला दोन्ही मान्य असतात. चुकीचा निवडला गेल्यास पट्टी पडद्यावर एकाएकी उडी मारते. दुव्यांची लांबी तपासूनही हा दोष सापडत नाही, कारण लांबी बरोबरच असते. म्हणून मागील स्थानाला जवळचे उत्तर घ्यावे.

आता चाकाऐवजी पट्टीने यंत्र चालवू. पट्टी टोकाला पोहोचली की दांडा व खुंटी एका रेषेत येतात, वर्तुळे केवळ स्पर्श करतात आणि दोन्ही उत्तरे एक होतात. येथून पुढे चाक कोणत्याही दिशेने फिरू शकते. जवळचे उत्तर निवडण्याचा उपायही येथे चालत नाही. हाच मृतबिंदू. प्रत्यक्षात जड चाकाची गती यंत्राला त्यापलीकडे नेते. आज्ञावलीलाही चाक आधी कोणत्या दिशेने फिरत होते, हे सांगावे लागते.

शिंप्याचा हात जे काम करतो, तेच येथे गणित करणाऱ्याला करावे लागते.