प्रवाळांमध्ये अंतर किती ठेवावे?

प्रश्न : घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वेगवेगळी प्रवाळे जवळजवळ ठेवली तर चालतील का? – एक वाचक, बोदवड

उत्तर : नाही. प्रवाळे जागेसाठी शेजाऱ्याशी लढतात. गॅलॅक्सिया हे प्रवाळ लांब दंशतंतू पसरवते. काही जाती तर पचनतंतू बाहेर काढून शेजाऱ्याला जिवंतपणीच पचवतात. अशा जातींभोवती जाणकार 15-20 सेंटिमीटर जागा सोडतात. काही मऊ प्रवाळे पाण्यात विषारी रसायने सोडतात, तिथे अंतरही पुरत नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. भारतात सर्व कठीण प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणून दुकानदार काहीही सांगो, ती विकत घेऊ नका. टाकीत कृत्रिम प्रवाळ ठेवा. जिवंत प्रवाळे पाहायची असतील तर मालवणच्या समुद्रात पाहा, मात्र हात लावू नका.