लाल पंपाचं पाणी उकळून काय होणार?

‘डॉक्टर, हातपंपाला लाल रंग मारलाय. पाणी उकळून प्यायलं तर चालेल ना?’ मार्कंडा-चामोर्शीच्या बाजूला हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ आहे: चालणार नाही.

घोळ होतो तो लाल रंगामुळे. पाण्याच्या स्रोतांभोवती घाण असेल, तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं. तिथे भीती जंतूंची, म्हणून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका, पाणी उकळा, काम होतं. हातपंपावरचा लाल रंग मात्र बहुधा फ्लोराइडसारख्या क्षारांसाठी असतो. क्षार उकळून मरत नाहीत. उलट पाणी आटतं आणि क्षार तेवढेच राहतात, म्हणजे घोटागणिक जास्तच पोटात जातात. मेणबत्तीचा फिल्टर, तुरटी फिरवणं, यांनीही भागत नाही.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्याकडे लोहाचं पाणी भांडं पिवळं करतं, भात काळपट करतं, म्हणून बायाबापड्या तो पंप टाळतात आणि लांबच्या नितळ पाण्याला जातात. ते नितळ पाणी चांगलंच असेल, असं काही नाही. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत, त्यापुढे नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात तर काही गावांनी याचा त्रास चांगलाच भोगलाय.

मुलांचे दात बघा. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात ती वर्षं, साधारण आठव्या वर्षापर्यंतची, जपायची. पुढच्या दातांवर आडवे पांढरे किंवा तपकिरी पट्टे, तेही दोन्ही बाजूंना सारखेच दिसले, तर तो डाग फ्लोराइडचा, खर्ऱ्याचा नव्हे. घासून जाणार नाही. मंजन लावून हिरड्या सोलू नका. मोठ्यांमध्ये पाठ आणि गुडघे आखडत जातात, आणि आपण वय झालं म्हणतो.

मग त्या पंपाचं करायचं काय? अंघोळ, धुणं, भांडी, गुरांचा गोठा, सगळं खुशाल करा. कातडीतून फ्लोराइड आत जात नाही. पिण्याचा गुंड मात्र वेगळा. भात, वरण, चहासुद्धा त्याच चांगल्या पाण्यात. इथेच घरोघरी चूक होते: प्यायला नळाचं आणि भाताला पंपाचं. भात तर सगळं पाणी शोषून घेतो. जेवणात दूध, आवळा, तरोट्याची भाजी असू द्या. मदत होते, पण पाणी बदलल्याशिवाय नुसत्या भाजीने भागत नाही.

मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या जत्रेला येणाऱ्यांनी फ्लोराइडची धास्ती घेऊ नये. दोन दिवसांच्या पाण्याने हाडं आखडत नाहीत. त्यांनी जपायचं ते हगवणीला. वैनगंगेचं पाणी तसंच ओंजळीने पिऊ नका.

ग्रामपंचायतींना विनंती: नुसता रंग मारून थांबू नका. पंपावर ठळक लिहा, ‘पिण्यास व स्वयंपाकास नको, धुण्याभांड्यास चालेल.’ आणि वाचकहो, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठून आपल्या पंपाचा तपासणी अहवाल मागा आणि त्यातला फ्लोराइडचा आकडा स्वतः वाचा.