‘उद्यापासून नक्की’ का टिकत नाही?

जून महिन्यात शाळा सुरू झाली, नव्या वह्यांना पुठ्ठे घालून झाले, की त्यांतल्या एखाद्या वहीच्या शेवटच्या पानावर एक वेळापत्रक हमखास लिहिले जाते. पहाटे पाचला उठणे, सहापर्यंत धावणे, मग ५० जोर आणि १०० बैठका. पहिल्या दिवशी सारे यथासांग पार पडते. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि आठवडाभरात त्याच पानावर बीजगणिताचे कच्चे काम सुरू होते. घरची मंडळी म्हणतात, “आरंभशूर आहे झालं!” आपल्या अंगी निश्चय नाही, अशी तुमचीही समजूत होते आणि तो विषय तेथेच संपतो.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हा निकाल फार घाईचा आहे. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी धाप लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ सालापर्यंत १४६ देशांतून गोळा झालेली माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले, की ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुलेमुली एवढी हालचाल करीत नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, तर मुलग्यांमध्ये ७८ टक्के होते. आता पाचांपैकी चार मुले जन्मतःच निश्चयाला कच्ची असतील, हे संभवत नाही. तेव्हा कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

बसचा जिना

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा अभ्यास हाती घेतला. लंडनच्या बसगाड्या दुमजली. प्रत्येक गाडीवर एक चालक आणि एक वाहक. दोघे त्याच शहरात राहणारे, साधारण सारख्याच परिस्थितीतले. पण चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढे. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मॉरिस यांनी आपले निष्कर्ष मांडले. चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा व कमी तीव्र स्वरूपात होत होता.

येथे चौकस विद्यार्थी शंका काढील: कदाचित मुळात लठ्ठ असलेली माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील! मॉरिस यांनाही ही शंका आली होती. त्यांनी काय करावे? बस कंपनीकडून कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे मागवली! चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच वाहकांपेक्षा मोठा निघाला. म्हणजे फरकाचे सारे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. म्हणून इतर व्यवसायही तपासणे भाग होते. टपाल खात्यात पायी किंवा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक आढळला. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांनी हालचालीचे महत्त्व पक्के केले. (मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले आणि उतारवयातही नियमाने पोहत असत.)

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने या गोष्टीतला एक बारकावा पाहा. त्या वाहकांपैकी कोणीही ‘आजपासून रोज ६०० पायऱ्या चढीन’ असा संकल्प सोडला नव्हता. घंटी वाजली, प्रवासी वर गेले, की त्यांच्यामागे जिना चढायचा. व्यायाम दिवसाच्या कामात गुंफला गेला होता. निश्चयाची गरजच पडली नाही!

तिसऱ्या दिवसाचे दुखणे

व्यायामाचा त्रास लगेच होतो आणि फायदा उशिरा दिसतो, ही खरी अडचण. त्यातून पहिल्या आठवड्यातल्या दुखण्याविषयी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. ‘स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते म्हणून ते दोन दिवस दुखतात’ असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. जोराच्या श्रमात निर्माण झालेले लॅक्टेट तासा-दोन तासांत वापरले जाऊन रक्तातली त्याची पातळी पूर्ववत होते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. सवय नसलेल्या श्रमाने, विशेषतः ताणले जात असतानाच भार पेलावा लागल्याने, स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिच्या दुरुस्तीचे काम चालू असताना तो भाग दुखरा होतो. बैठक मारताना खाली जाणे किंवा गड उतरणे ही अशा श्रमाची उदाहरणे. गड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या बहुतांशी उतरल्यामुळे.

यातली गंमत पुढेच आहे. तोच व्यायाम आठ-दहा दिवसांनी पुन्हा केला, तर दुखणे पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी कमी होते. एकदा झालेल्या इजेनंतर स्नायू त्या श्रमाला सरावतात. म्हणजे जो तिसऱ्या दिवशी सोडतो, तो नेमक्या सर्वांत वाईट दिवशी सोडतो! आणि मुळात पहिल्या दिवशी १०० ऐवजी १५ बैठका मारल्या असत्या, तर एवढा वाईट दिवस आलाच नसता.

हृदय आणि फुप्फुसांची क्षमता किती चटकन घसरते आणि किती चटकन परत मिळते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे झाला. २० वर्षांच्या आसपासच्या पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगण्यात आले. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, हे आधी व नंतर मोजले. ही क्षमता चौथ्या हिश्शाहूनही अधिक घटली होती. त्यानंतर आठ आठवडे व्यायाम केल्यावर ती भरून आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले, की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी क्षमता हिरावली नव्हती तेवढी विशीतल्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने हिरावली होती. प्रयोगातली माणसे पाचच असल्याने आकडे फार काटेकोर मानू नयेत. परंतु दिशा स्पष्ट आहे.

दहा हजार हा आकडा आला कोठून?

ध्येय ठरवताना आपण बहुधा दुसऱ्याचा आकडा उचलतो. रोज १०,००० पावले चालावे, हे तुम्ही ऐकले असेल. हा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ सालच्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचा उत्साह पसरला होता. १९६५ साली तेथे पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव लक्षात राहण्याजोगे होते, आणि पाहता पाहता जाहिरातीतला आकडा नियम होऊन बसला. २०१९ साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युप्रमाण बरेच कमी होते, आणि सुमारे ७,५०० च्या पुढे फारसा अधिक लाभ दिसला नाही. अर्थात हे आकडे आजींसाठी, तुमच्यासाठी नव्हेत! पण १०,००० जमत नाहीत म्हणून ४,००० सोडून देणे किती चुकीचे, ते यावरून कळेल.

दुसरी गफलत अशी, की जे आपल्या हातात नाही त्याचेच ध्येय ठरवले जाते. ‘दोन महिन्यांत पाच किलो वजन घटवीन’, ‘चार इंच उंची वाढवीन’, ‘वर्गात पहिला येईन’. तुमच्या वयात हाडे, स्नायू, उंची सारेच वाढत असते. तेव्हा वजनकाटा हे प्रगतीचे अगदी फसवे माप आहे. उंची बरीचशी आनुवंशिकतेवर आणि आहारावर अवलंबून. शर्यतीतला क्रमांक तर शेजारी कोण धावतो यावर ठरतो. याउलट ‘आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येकी वीस मिनिटे’ हे पूर्णपणे तुमच्या हातात असते.

तेवढ्यानेही भागत नाही. २००२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे पटवून दिले. तिसऱ्याला फायदे सांगून शिवाय एक वाक्य पुरे करायला लावले: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. पहिल्या दोन गटांत दर दहांपैकी जेमतेम चौघांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. तिसऱ्यात दहांपैकी नऊ जणांनी! फायद्यांवरचे व्याख्यान ऐकून काहीच फरक पडला नाही, हे शिक्षकांनी, आणि अशा लेखांच्या लेखकांनीही, ध्यानात घेण्यासारखे आहे.

तुमचे वाक्य असे असू शकेल: ‘शाळेतून आल्यावर दप्तर खुंटीला लावले, की अंगणात जाऊन ५० दोरीउड्या मारीन.’ दप्तर खुंटीला लावणे ही येथे बसची घंटी झाली. रोजच्या ठरलेल्या गोष्टीला नवी गोष्ट अशी बांधली, की काही काळाने ती विचार न करता होऊ लागते. किती काळाने? लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका पाहणीत मध्यम अवधी ६६ दिवसांचा आला. परंतु कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर जडली, व्यायामाची उशिरा. म्हणून ‘एकवीस दिवसांत सवय’ यावर विसंबू नका. याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात विशेष खंड पडत नाही.

बक्षीस आणि शिक्षा

आता थोडे शिक्षकांशी. १९७३ साली अमेरिकेत एका बालवाडीत रंगीत पेनांनी आवडीने चित्रे काढणारी मुले निवडली. त्यांतल्या काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले, आणि दिलेही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले, तर ती मुले आपखुशीने चित्रे काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवीत होती. खेळाचे झाले काम, आणि मोबदला थांबला तसे कामही थांबले. ज्यांना नंतर अचानक बक्षीस दिले, त्यांच्यात अशी घट झाली नाही. ज्याला खेळ मुळातच आवडतो, त्याला पदकाचे आमिष दाखवताना हे आठवावे.

आणि शिक्षेचे काय? गृहपाठ विसरला, काढ २० उठाबशा. गडबड केली, मार मैदानाला पाच फेऱ्या. जी गोष्ट मुलांनी जन्मभर हौसेने करावी असे आपण म्हणतो, तीच आपण दंड म्हणून वापरतो! गणिताचा अभ्यास मागे पडला, की पहिली कुऱ्हाड खेळाच्या तासावर पडते, हेही आपल्या अंगवळणी पडले आहे. मुलींच्या बाबतीत तर सातवी-आठवीनंतर मैदान हळूहळू मुलग्यांचेच होऊन जाते. खो-खो, लंगडी, दोरीउड्या, एवढेच काय, मंगळागौरीतली फुगडी हादेखील उत्तम दमछाक करणारा व्यायाम आहे. त्याला मोकळी जागा आणि ठरलेली वेळ मिळवून देणे शाळेच्या हातात आहे.

करून पाहा

फायदा उशिरा दिसतो असे वर म्हटले. पण तो मोजायला शिकलात, तर बराच लवकर दिसतो. त्यासाठी साधन एकच, सेकंदकाटा असलेले घड्याळ. (ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हा प्रयोग करावा; ताप असताना करू नये; छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे.)

सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून लिहून ठेवा. मग दिवसा सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा, न डगमगणारा ओटा किंवा पायरी शोधा. एक पाय वर, दुसरा वर, पहिला खाली, दुसरा खाली, ही एक फेरी. मिनिटाला २४ फेऱ्या या ठेक्याने तीन मिनिटे करा. ठेका धरायला मित्राला घड्याळासमोर बसवा. संपताच खाली बसून लगेच नाडी मोजायला लागा आणि पूर्ण मिनिटभर मोजा. तोच ओटा, तोच ठेका, दिवसाची तीच वेळ ठेवून हे दर पंधरा दिवसांनी करा आणि आलेखकागदावर बिंदू मांडा.

नियमित व्यायाम होत असेल, तर त्याच श्रमानंतरचा आकडा बहुधा हळूहळू खाली येऊ लागेल. कारण सोपे आहे. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. ठोके ७० असतील, तर दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. व्यायामाने हृदयाचा कप्पा अधिक भरतो आणि अधिक जोराने आकुंचन पावतो. समजा, दर ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त जाऊ लागले, तर त्याच ५ लिटरांना ५० ठोके पुरतात. लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूंची विश्रांतीतली नाडी ४० च्या आसपास असते ती यामुळेच. स्नायूंतही बदल होतात. केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतल्या तंतुकणिकांची संख्या वाढते. मित्राच्या नाडीशी आपल्या नाडीची तुलना मात्र करू नका. वय, शरीरयष्टी, आदल्या रात्रीची झोप अशा अनेक गोष्टींनी ती बदलते.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत आलेख झरझर उतरेल आणि मग जवळजवळ सपाट होईल. पुष्कळांचा उत्साह येथे दुसऱ्यांदा मावळतो. अशा वेळी आकड्यांपेक्षा सोबत उपयोगी पडते. तालमीत पहाटे पहिलवान येतात, त्याला जोडीदार वाट पाहत उभा असतो हेही एक कारण असते. व्यायामाचा प्रकारही बदलून पाहावा. धावण्याचा कंटाळा आला असेल तर पोहणे, मल्लखांब, सायकल, जे मनापासून आवडेल ते.

परीक्षेच्या दिवसांत वीस मिनिटांऐवजी पाचच मिनिटे ठेवा, पण दप्तर खुंटीला लावल्यानंतरचीच. आजारपणाने पंधरा-वीस दिवस गेले असतील, तर पूर्ण बरे वाटल्यावर आधीच्या निम्म्याने सुरुवात करा. ओट्याची चाचणी पुन्हा घ्या आणि आलेखावर तो बिंदू वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने मांडा. तो मागच्यापेक्षा वर गेलेला दिसेल. डॅलसच्या त्या पाच तरुणांचाही गेला होता.